बाबांच्या तळव्यांची परीक्षा

माझे बाबा, डोमाजी मनवर, दारव्ह्याच्या एका जिनिंगात, म्हणजे कापसाची सरकी काढून रुई करायच्या कारखान्यात, तीस वर्षं कापसावर अनवाणी चालले. हेच त्यांचं काम होतं आणि हीच त्यांची कीर्ती. शेतकऱ्यांचा कापूस आला की जिनिंगच्या आवारात त्याची गंजी लागते, चांगली दोन माणूस उंच. त्यात कुठे ओला कापूस दडलेला असला तर तो आतून तापतो, पिवळा पडतो, आणि लक्ष दिलं नाही तर पेटतोसुद्धा. बाबा गंजीवर चढायचे, हात मागे बांधायचे आणि देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे हळूहळू फिरायचे. देवाधर्माशी त्यांचा काही संबंध नव्हता, आम्ही बाबासाहेबांची माणसं. पण चालणं तसंच होतं. मध्येच थांबून पायाच्या अंगठ्याने दाखवायचे, इथं उकरा. उकरलं की हातभर खाली कोमट, दमट कापूस निघायचा.

मालकाने एकदा ओलावा मोजायचं यंत्र आणलं. ते आठवडाभरात कपाटात गेलं. यंत्र चुकतं, डोमाजी चुकत नाही, असं मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि आम्ही घरात ते ऐकून फुगायचो. मी तर जास्तच. मी साधना, त्यांची थोरली. लग्न करून लोहाऱ्याला गेले होते, चार वर्षांत परत आले. नवऱ्याशी पटलं नाही असं लोक म्हणतात, ते फार सौम्य शब्दांत झालं. परत आलेल्या मुलीकडे गाव कसं बघतं हे मला कुणी शिकवायला नको. तरी बाजारात कुणी विचारलं, ही कोण, तर उत्तर यायचं, डोमाजीची पोरगी. मग समोरचा माणूस जरा नीट बोलायचा. मी अंगणवाडीत लागले तीही त्याच नावावर.

बाबांना साखरेचा आजार निघाला तेव्हा आम्ही फार मनावर घेतलं नाही. चहा बिनसाखरेचा झाला, गोळ्या सुरू झाल्या, संपलं. मग दोन हजार चारच्या दिवाळीआधी एका आठवडी बाजारातून ते घरी आले, तर एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय मोकळा. मी विचारलं, दुसरी कुठे? त्यांनी खाली पाहिलं आणि चेहरा असा झाला की मी तो अजून विसरले नाही. बाजार ते घर एवढं अंतर ते एका चप्पलेवर चालत आले होते आणि त्यांना कळलं नव्हतं. ज्यांना हातभर कापसाखालचा ओलावा कळायचा, त्यांना पायाखालचा डांबरी रस्ता कळला नाही. ते माझ्यावरच चिडले, चप्पल गेली तं गेली, बोभाटा कायले करतं म्हणाले. आई, कौसल्याबाई, चुलीपाशी होती. तिला त्यांनी सांगितलं की पट्टा तुटला.

जिनिंगात त्यांनी काय केलं ते मी नंतर पाहिलं. डबा द्यायला गेले होते. बाबा गंजीवर फिरत होते आणि दर चार पावलांवर वाकत होते, जणू कापसातला पालापाचोळा वेचताहेत. पाला वेचता वेचता हात कोपरापर्यंत आत घालायचे. मग सरळ उभं राहून अंगठ्याने दाखवायचे, इथं उकरा. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, गावोगावच्या आत्महत्यांच्या बातम्या ऐकवत नव्हत्या, जिनिंगात गंज्याही निम्म्याच लागायच्या. त्यामुळे हाताने काम भागून जायचं. खाली उभा मुकादम देवीलाल मान डोलवत होता. मी डबा ठेवला आणि निघून आले. मला राग आला होता आणि दयाही आली होती, पण सगळ्यात जास्त भीती वाटली, कुणी पाहिलं तर?

आता रहमतचाचांबद्दल सांगायला हवं. बसस्टँडमागे त्यांचं गाद्या भरायचं दुकान. जिनिंगातून ते रुई न्यायचे, त्यातून बाबांची दोस्ती झाली ती पंचवीस वर्षांची. बाबांनी पाय ठेवून ‘चांगली आहे’ म्हटल्याशिवाय चाचा रुईचा एक किलो उचलत नसत. चाचांनाही साखरेचाच आजार होता आणि त्यांचेही पायच गेले होते, पण उलट्या तऱ्हेने. बाबांचे पाय मुके झाले होते, चाचांचे पाय बोंबलत होते. तळवे पेटल्यासारखे व्हायचे. चादरीचा स्पर्श सहन होत नसे. दुकानातही ते पाण्याच्या बादलीत पाय घालून बसायचे, आणि जैबुनबी चाची तासातासाने पाणी बदलायच्या.

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोघांना नागपूरला एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे एक डॉक्टर मॅडम हेच तपासत होत्या, की साखरेने पायाच्या नसा खराब झाल्या तर ऑपरेशन बरं की औषध बरं. त्यांनी आम्हाला चित्र काढून समजावलं. साखरेने नस सुजते. गुडघ्याशी, पायाच्या पाठीवर आणि घोट्याच्या आत ती अरुंद जागेतून जाते, तिथे आवळली जाते. ऑपरेशनमध्ये ती जागा मोकळी करायची. औषधाने आग कमी होते, साखर ताब्यात ठेवली तर नुकसान पुढे सरकत नाही, पण गेलेली जाणीव औषधाने परत येईल असा भरोसा नाही. ऑपरेशनने येते का? मॅडम सरळ म्हणाल्या, काही जण येते म्हणतात, काही नाही म्हणतात, मला माहीत नाही, म्हणून तर पाहते आहे.

पद्धत अशी होती की प्रत्येक माणसाच्या एकाच पायाचं ऑपरेशन करायचं. कोणत्या, ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरणार. गोळ्या आणि साखरेचं पथ्य दोन्ही पायांना सारखंच. मग वर्षभर दोन्ही पाय तपासत राहायचे. चाचांची साखर फार वर होती. मॅडमनी त्यांना घेतलंच नाही. अशा साखरेत जखम भरत नाही, आधी साखर खाली आणा, म्हणाल्या. बाबांना घेतलं आणि चिठ्ठी निघाली उजव्या पायाची.

परतीच्या एसटीत चाचा बाबांना म्हणाले, “डोमा, तुह्या एका पायात ऑपरेशन, दुसऱ्यात गोळ्या. आता तूच माहा डॉक्टर. तू सांगशीन तसं करतो.” बाबा हसले. त्यांना ते आवडलं होतं हे मला दिसलं.

ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले. तीन महिन्यांनी पहिली परीक्षा. तपासणारी एक मुलगी होती, तिला कोणत्या पायाचं ऑपरेशन झालंय ते कळू नये म्हणून दोन्ही पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळल्या होत्या, पायाच्या पाठीवरही. बाबांनी डोळे मिटायचे, तिने नायलॉनचा एक ताठ दोरा आधी उजव्या, मग डाव्या तळव्याला दहा-दहा ठिकाणी टेकवायचा, आणि लागला की बाबांनी ‘हो’ म्हणायचं. मी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. त्या टेबलावर रबरी चादर होती. मुलगी दोरा लावण्याआधी डाव्या हाताचा भार चादरीवर टाकायची आणि चादर करकरायची. तिसऱ्या वेळेला बाबांच्या ते ध्यानात आलं. मला कळलं, कारण त्यांनी मान किंचित तिरकी केली. पुढे ऐकू आली त्या दर करकरीला ‘हो’; डाव्या पायाच्या दोन करकरी बाहेरच्या गोंगाटात बुडाल्या. दोन्ही पायांत दहापैकी आठ.

जन्मभर पायांनी खरं सांगितलेला माणूस त्या टेबलावर कानांनी खोटं बोलत होता. मला हसू आलं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, बाबा, तुमाले दोरा समजत नव्हता. ते म्हणाले, समजत होता. मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं, आत जाऊन त्या मुलीला चादर काढायला सांगायला हवं होतं. पण डोमाजीच्या तळव्यांना काही कळत नाही असं कागदावर लिहिलं गेलं तर मी कुणाची पोरगी उरणार होते? हे मी तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नाही. आज करते.

सहा महिन्यांच्या परीक्षेनंतर मॅडम कागद पाहून कोड्यात पडल्या. दोन्ही पाय सारखेच सुधारले दिसतात, मग ऑपरेशनचा उपयोग काय झाला, असं त्या आपल्याशीच बोलल्या. बाबांना फार ओशाळल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या बाईने आपल्या हाताने ऑपरेशन केलं, टाके घातले, रोज विचारपूस केली, आणि आपण तिचं काम पाण्यात घातलं असं त्यांना वाटलं. आमच्याकडे पाहुण्याने चार घास जास्त खाऊन घरच्या बाईचा मान ठेवायचा असतो. बाबांनी तसाच मॅडमचा मान ठेवला. नवव्या महिन्यात त्यांनी डाव्या पायाच्या वेळी चारदा मुद्दाम गप्प राहून घेतलं. उजवा नऊ, डावा पाच. मॅडमचा चेहरा खुलला. बाबा वाटभर खूश होते.

हे ऐकायला चाचा वाटच पाहत होते. आम्ही दुकानात गेलो तेव्हा ते बादलीत पाय घालून बसले होते. गोळ्यांनी त्यांची आग थोडी कमी व्हायची, पण डोकं जड व्हायचं, पेंगायला व्हायचं, सुई हातातून पडायची. साखर खाली आणायची तर खाणं सांभाळायला हवं, ते त्यांच्याने होत नव्हतं. त्यांनी विचारलं, खरं सांग, उजव्यात अन् डाव्यात फरक हाये काय?

“फरक?” बाबा म्हणाले. “उजव्यावरून मुंगी गेली तरी समजते. ऑपरेशन ते ऑपरेशन हाये, रहमतभाई.”

मी चाचींच्या हातून पाण्याचा पेला घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. चाचांनी दुसऱ्याच एका शहरात एक खाजगी डॉक्टर शोधला होता. तो साखरेचं फार विचारत नव्हता आणि दोन्ही पायांचं एकदम करून देतो म्हणत होता. अडलं होतं ते बाबांच्या शब्दापाशी. त्याच आठवड्यात चाचांनी पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारची तारीख घेतली. अशा साखरेत जखम भरत नाही, हे मॅडमचं वाक्य मी स्वतः ऐकलं होतं. पण सांगितलं नाही. चाचांनीही ऐकलं होतं, असं मनाशी म्हणत राहिले.

तो मंगळवार चार दिवसांवर आला तेव्हा बाबा गंजीवर होते. कुणाच्या तरी कापसात विळ्याचं तुटलेलं पातं आलं होतं. बाबांचा उजवा पाय त्यावर पडला आणि ते चालत राहिले. देवीलालने मला नंतर सांगितलं की आधी कुणाला कळलंच नाही, मग पांढऱ्या कापसावर लाल पावलं दिसायला लागली, एकामागे एक, गंजीभर. हमाल काम थांबवून बघत उभे राहिले. बाबा वर ऐटीत फिरत होते आणि खाली सगळे गप्प. शेवटी देवीलालने हाक मारली, डोमाजी, खाली या, तुमचा पाय पाहा. त्यांनी पाय उचलून पाहिला. ते गंजीवरून उतरले तेव्हा माणसांनी वाट करून दिली, आणि बाबांना वाट करून दिलेली कधी एवढी लागली नसेल.

संध्याकाळी चाचा पाहायला आले. तळव्यावर मोठी पट्टी होती. ते पट्टीकडे बघत बसले. मग म्हणाले, हा तं ऑपरेशनवाला पाय. आता खरं सांगायची वेळ होती. बाबा म्हणाले, समजलं होतं रे, पण गंजी अर्धीच राह्यली होती, म्हटलं संपवून उतरू. चाचांनी मान हलवली, तुही हिंमत मोठी, म्हणाले. मी चहा ओतत होते. मी न थांबता पुढचा कप भरला, याचीच मला आज लाज वाटते.

रविवारी सकाळी मी पट्टी बदलायला बसले. जखम खोल होती आणि कडा काळपट पडत होत्या. मी औषधाचा बोळा आत घातला. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते, पायाकडे पाहत होते, लोकांच्या पायाकडे पाहावं तसं. मग त्यांनी विचारलं, रहमतची तारीख कोन्ती? मी म्हटलं, परवा. ते म्हणाले, चाल, आटो बोलाव.

दुकान बंद होतं, चाचा मागच्या घरात होते. प्रवासाची पिशवी भरलेली दिसत होती. बाबा भिंतीला धरून उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं. चप्पल, पालापाचोळा, रबरी चादर, मॅडमचा मान, मुंगी. एकही गोष्ट ठेवली नाही. शेवटी म्हणाले, “दोन्ही पाय मेलेले हायेत माहे, रहमतभाई. उजवाही अन् डावाही. कोन्त्यानं बरं वाटते ते मले मालूमच नाही.”

चाची दारात येऊन उभ्या होत्या. मग चाचांनी विचारलं, आवाज अजिबात न चढवता, “तुह्या नावापायी मी माहे दोन्ही पाय चिरून घ्यायले निघालतो. तुले रोकता नाही आलं?”

बाबांनी मान खाली घातली. ते रडले असते तर बरं झालं असतं.

मग चाचा माझ्याकडे वळले. मी लहान असल्यापासून ते मला बेटी म्हणायचे, माझ्या लग्नाची गादी त्यांनी स्वतः भरली होती आणि मी परत आले तेव्हा काही न विचारणारा दारव्ह्यातला तो एकच माणूस होता. त्यांनी विचारलं, “बेटी, तुले मालूम होतं?”

बाबांनी वर पाहिलं. माझ्या तोंडात ‘हो’ होतं, अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

“नाही, चाचा,” मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे क्षणभर पाहत राहिले आणि पुन्हा खाली पाहू लागले. चाचांनी सुटकेचा श्वास सोडला, एवढं तरी बरं, असं काहीतरी पुटपुटले. आटोत बसल्यावर मी रडायला लागले. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, राहू दे, घरात एकाचं तरी नाव चांगलं राहू दे. त्यांनी मला मारलं असतं तर परवडलं असतं.

चाचांनी तारीख रद्द केली. आम्ही नागपूरला जाऊन मॅडमना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. बाबांची फाईल काढून बाजूला ठेवली, म्हणाल्या, यांची तपासणी आता धरता येणार नाही, आणि बाकीच्या माणसांची परीक्षाही नव्या टेबलावर पुन्हा घ्यावी लागेल. वर्षभराचं काम त्यांचं मागे गेलं. ऑपरेशन बरं की औषध, याचं उत्तर त्यांना पुढे मिळालं की नाही, मला माहीत नाही. विचारायचं तोंड राहिलं नाही. बाबांच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. ते पुन्हा गंजीवर चढले नाहीत. जिनिंगवाल्यांनी कपाटातलं यंत्र काढलं.

चाचांनी यवतमाळच्या डॉक्टरांचं मुकाट ऐकलं. भात सोडला, इन्सुलिन घेतलं, गोळी बदलून मिळाली. आग पूर्ण गेली नाही, पण बादली गेली. डॉक्टरांनी सांगितलं की रोज कुणाकडून तरी तळवे पाहून घ्या, काटा, फोड, भेग. चाचींना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं, त्या हात फिरवून जमेल तेवढं बघायच्या आणि दर रविवारी माझ्याकडून नीट पाहून घ्यायला चाचा आमच्याकडे यायला लागले. बाबांना सलाम करायचे, हवापाण्याचं बोलायचे, पण बाबांनी ‘आज ऊन आहे’ म्हटलं तरी एकदा बाहेर डोकावून बघायचे. बाबा ते पाहायचे. बाबा जाईपर्यंत, म्हणजे पाच वर्षं, हे असंच चाललं.

चाचा अजून येतात. मी खाली बसते, त्यांचा पाय मांडीवर घेते, उजेडाकडे वळवते, बोटांच्या मधल्या जागा पाहते. ते ओळखीच्या माणसांना सांगतात, डोमानं मले दगा देल्ला, पण पोरगी खरी हाये, तिनं पाह्यलं म्हणजे मी बिनघोर. मी मान वर करत नाही. त्यांना वाटतं, मी पाय नीट पाहते आहे.